पक्षी एकानं मारला, मेले दोनशे : हेवी मेटलमधला दगा आणि न चुकणारे भोग

खर्जातला | शुक्रवार, रात्री ११:४०

गेले काही दिवस एक गोष्ट डोक्यात घोळतेय, ती इथं मांडतो. या संस्थळावर मेटल ऐकणारे चारच जण असतील, पण चौघंही भांडकुदळ आहेत हे ठाऊक आहे, म्हणून हा खटाटोप.

कॉलेजात असताना आयर्न मेडन या बँडचा 'पॉवरस्लेव्ह' (१९८४) मित्राकडून नव्वद मिनिटांच्या कॅसेटवर भरून घेतला होता. अल्बम ५१ मिनिटांचा, कॅसेटची एक बाजू ४५ ची. शेवटचं गाणं 'राइम ऑफ द एन्शंट मरिनर', पावणेचौदा मिनिटांचं. ते अर्ध्यातच खट्ट करून तुटायचं. आणि तुटायचं कुठं? गाणं मध्येच निपचित पडतं, बेस तेवढा हळूहळू चालू राहतो, जहाजाची लाकडं करकरतात, कुणीतरी इंग्रज कवी कोलरिजच्या मूळ कवितेतल्या ओळी वाचतो, बरोबर तिथं. माझ्यापुरते ते खलाशी कित्येक वर्षं त्या वारा पडलेल्या समुद्रात तहानलेले तसेच उभे होते. केल्या कर्माची फेड दुसऱ्या अर्ध्या भागात आहे, ती माझ्या कॅसेटवर नव्हतीच.

पुढं सीडी मिळाली, शेवट कळला. पण बोल खरे आत गेले ते १ फेब्रुवारी २००८ ला. ऑफिसात "पोट बिघडलंय" सांगून दुपारची शिवनेरी धरली, दादरला उतरलो आणि वांद्रे-कुर्ला संकुलाच्या मैदानावर गेलो. मेडनच्या त्या जागतिक दौऱ्याचा पहिला कार्यक्रम मुंबईत होता. मैदानात धूळ एवढी की घरी येईस्तोवर काळा टीशर्ट राखाडी झाला. तो करकरणारा भाग सुरू झाला तसा शेजारचा पोरगा मित्राला म्हणाला, "जा, पाणी घेऊन ये, अजून लय वेळ आहे." समुद्रभर पाणी आणि प्यायला थेंब नाही अशा गाण्यात हा गडी पाणी आणायला निघाला! मी मात्र जागचा हललो नाही.

गोष्ट थोडक्यात: दक्षिण ध्रुवाकडं बर्फात अडकलेल्या जहाजापाशी अल्बट्रॉस येतो, बर्फ फुटतं, वारा सुटतो. गाण्याच्या नावातला म्हातारा खलाशी (तेव्हा तरुण असणार) काहीच कारण नसताना त्या पक्ष्याला मारतो. आधी खलाशी त्याला शिव्या घालतात, कारण वारा आणणारा पक्षी गेला. मग धुकं निवळतं आणि तेच खलाशी म्हणतात, बरं केलंस मारलंस, धुकं हाच आणत होता. मग वारा पडतो. एक भुताळी जहाज येतं, त्यावर मृत्यू आणि 'मरणातलं जिणं' फासे टाकत बसलेत. खलाशी मृत्यूच्या वाट्याला, दोनशेच्या दोनशे. म्हातारा 'मरणातल्या जिण्या'च्या वाट्याला. तो जगतो, आणि भेटेल त्याला ही हकीकत सांगत फिरणं ही त्याची शिक्षा.

आता माझा मुद्दा. कविता १७९८ ची. कोलरिजनं १८१७ साली समासात गद्य टिपा घातल्या. त्यातल्या एकीत सरळ लिहिलंय की धुकं निवळल्यावर खलाशांनी त्या कृत्याचं समर्थन केलं आणि तेही गुन्ह्याचे भागीदार झाले. हे गाणं लिहिणाऱ्या स्टीव्ह हॅरिसनं (मेडनचा बेसवादक) गाण्यात हे जवळपास जसंच्या तसं उचललंय. पावणेचौदा मिनिटांत अख्खी कविता कोंबताना त्यानं कितीतरी गाळलं, पण हे ठेवलं. दगा देणारा एक असतो, पण चटका बसतो तो "बरं केलंस" म्हणणाऱ्यांना. चांगल्या मेटल गाण्यांत मला हे पुन्हा पुन्हा दिसतं.

दुसरं उदाहरण रेनबो बँडचं 'स्टारगेझर' (१९७६). एक मांत्रिक हजारो गुलामांकडून दगडी मनोरा बांधून घेतो, कारण त्याला त्यावरून उडायचंय. नऊ वर्षं पाठ मोडेस्तोवर काम केलेला एक गुलाम हे सांगतो. मनोरा पुरा होतो, मांत्रिक वर चढतो, सगळे श्वास रोखून बघतात, आणि तो खाली पडतो. वाळूत रक्त. गायक रॉनी जेम्स डिओनं मांत्रिकाची बाजू एका ओळीतही मांडलेली नाही. गुलामाचा प्रश्न एवढाच: आता आम्ही जायचं कुठं? अल्बमवरचं पुढचंच गाणं, 'अ लाइट इन द ब्लॅक', त्याच भटकणाऱ्यांचं. मालक मेला तरी सुटका नाही.

याउलट ब्लॅक सॅबथचं 'वॉर पिग्ज' (१९७०) बघा. तिथं शेवटी कयामतीचा दिवस उगवतो, लढाया लावून स्वतः मागं राहणारे सेनापती गुडघ्यांवर येतात. गाणं थोर आहे, रिफबद्दल (गिटारवर पुन्हा पुन्हा येणारी सुरांची ओळ) तर बोलायलाच नको. पण हिशोब फार सोयीचा वाटतो. ज्याचं त्याला मिळालं, आपण टाळ्या वाजवून घरी. मला खलाशांचा हिशोब जास्त खरा वाटतो.

तुमच्या आठवणीत अशी कुठली गाणी आहेत?

---

चुकार | शुक्रवार, रात्री ११:५२

पयला! वाखु (वाचनखूण) साठवली.

विश्वासघातावर धागा काढायचा आणि जूडस प्रीस्टचं (येशूला दगा देणाऱ्या जूडसच्या नावाचा बँड) नावसुद्धा घ्यायचं नाही, यालाच विश्वासघात म्हणतात.

---

खर्जातला | शनिवार, रात्री १२:०५

@चुकार, ते नाव बॉब डिलनच्या १९६७ च्या एका गाण्यावरून उचललेलं. जूडसशी त्यांचा संबंध पाटीपुरता. झोपा आता.

---

बेसवाला | शनिवार, सकाळी ८:१५

धागा आवडला. बोलांबद्दल मला फार कळत नाही, मी वाजवणारा माणूस. पण "सुटका नाही" ही गोष्ट बोलांच्या आधी वाद्यांत असते, असं माझं मत.

'ब्लॅक सॅबथ' बँडचं 'ब्लॅक सॅबथ' अल्बमवरचं 'ब्लॅक सॅबथ' हे गाणं घ्या (हो, तिन्ही तेच. १३ फेब्रुवारी १९७०, वार शुक्रवार). पाऊस, घंटा, आणि मग तीन सुरांची रिफ. आपल्या भाषेत सांगायचं तर सा, तार सा, आणि मग खाली येऊन तीव्र मध्यम. पंचमावर टेकले असते तर जीव शांत झाला असता. टेकत नाहीत. तीव्र मध्यमावर कापरं भरल्यासारखा सूर लांबवतात आणि पुन्हा सा पासून सुरू. संगीतातच दार बंद केलंय, मग बोलांत काळी आकृती आली काय नि नाही आली काय.

आणि ज्या माणसानं ही रिफ काढली त्या टोनी आयोमीची बोटं आठवा. बर्मिंगहॅममधल्या पत्र्याच्या कारखान्यात, नोकरीच्या शेवटच्या दिवशी, वयाच्या १७ व्या वर्षी उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं यंत्रात गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हातच तो. प्लास्टिकची बाटली वितळवून त्यानं बोटांना टोपणं केली. पुढं 'मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी'च्या (१९७१) वेळी तारा सैल करून सूर खाली उतरवले, दाबायला सोपं पडावं म्हणूनही. त्यातून जो जड, खोल आवाज निघाला त्यावर अख्खं मेटल उभं आहे. न चुकणारे भोग म्हणता ना, घ्या.

'स्टारगेझर'बद्दल एक राहिलंच. मांत्रिक पडल्यावर गाणं संपायला हवं. पण शेवटची दोन मिनिटं म्युनिक फिलहार्मोनिकचा वाद्यवृंद तेच तेच स्वर फिरवत राहतो, डिओ वर काहीबाही आळवत राहतो, आणि आवाज फक्त विरत जातो. सम येतच नाही. वाजवायला घेतलं की कळतं, थांबायचं कुठं हेच ठरत नाही. आमच्या बँडमध्ये यावरून दरवेळी भांडण.

---

जुनाजाणता | शनिवार, सकाळी १०:३०

मी हे संगीत ऐकत नाही. नातू ऐकतो, तेव्हा मी दार लावून घेतो. पण खलाशांची गोष्ट वाचून राहवलं नाही.

खर्जातलेसाहेब, हे तर द्यूतसभेचं प्रकरण आहे. फासे टाकले शकुनीनं, हात घातला दुःशासनानं. पण बसून होते कोण? भीष्म, द्रोण, कृप. द्रौपदीनं सरळ प्रश्न विचारला तेव्हा भीष्म म्हणाले, धर्माची गती सूक्ष्म असते. म्हणजे तुमचं धुकंच म्हणा की. आणि पुढं बघा, दुःशासन एका दिवसात मेला. भीष्मांना मात्र बाणांवर पडून उत्तरायणाची वाट बघावी लागली, आणि त्या अवस्थेत युधिष्ठिराला सगळं शांतिपर्व सांगावं लागलं. सांगत बसणं ही शिक्षा तुमच्या म्हाताऱ्यालाही आहे, आमच्याही म्हाताऱ्याला आहे.

भटकण्याचं म्हणाल तर अश्वत्थामा आहेच. नर्मदा परिक्रमा करून आलेला एक तरी माणूस तुम्हाला सांगेल की कपाळाला जखम असलेला कुणी उंच इसम तेल मागत होता.

---

खर्जातला | शनिवार, सकाळी १०:५८

काका, दंडवत. अश्वत्थामा माझ्या डोक्यात होता, पण भीष्म सुचलेच नव्हते. इच्छामरणाचा वर असलेल्या माणसाला मरण्यासाठी ताटकळावं लागणं, 'मरणातलं जिणं' याहून वेगळं काय असतं?

नातवाला एकदा तुमच्यासमोर हे गाणं लावायला सांगा. दार उघडं ठेवून.

---

निळी_छत्री | शनिवार, दुपारी २:१०

मला जरा विरजण घालू दे.

खलाशी, गुलाम, सभेतले म्हातारे, सगळं ठीक. पण मेटलमधले कथा सांगणारे अल्बम घेऊन बसलात की दग्याची किंमत कोण मोजतं? बाई. दरवेळी.

क्वीन्सराईकचा 'ऑपरेशन: माइंडक्राइम' (१९८८). निकी हा व्यसनी पोरगा, डॉक्टर एक्स त्याला क्रांतीच्या नावाखाली खुनी बनवतो आणि शेवटी निकीच्या जवळच्या मेरी या ननलाच मारायला सांगतो. निकीकडून ते होत नाही. पण मेरी मरतेच. कुणी मारलं हे मुद्दाम धूसर ठेवलंय. निकी इस्पितळात पडून आठवत बसतो, आणि अल्बमभर आपल्याला कीव येते ती निकीची.

ओपेथचा 'स्टिल लाइफ' (१९९९). गावानं हाकलून दिलेला माणूस मेलिंडासाठी परत येतो. मेलिंडा मरते, मग हा सूड घेतो, मग हा फासावर. कॅमेलॉटचा 'एपिका' (२००३), म्हणजे सैतानाशी सौदा करणाऱ्या फाउस्टचीच गोष्ट: सौदा केला एरियलनं, नदीत जीव दिला पोटुशी हेलेनानं.

आणि किंग डायमंड या गायकाचा 'अ‍ॅबिगेल' (१९८७). मला हा अल्बम तोंडपाठ आहे, त्यामुळे माझं भांडण घरातलं समजा. ७ जुलै १७७७ ला काउंट ला'फे बायकोला जिन्यावरून ढकलून देतो, कारण तिच्या पोटातलं मूल आपलं नाही हे त्याला कळलंय. बाई मरते, मूल मेलेलंच जन्मतं, तो त्या मुलीचं नाव अ‍ॅबिगेल ठेवतो आणि प्रेत मसाले भरून जपून ठेवतो. १८४५ मध्ये त्याच घराण्यातला जोनाथन, मिरियम या आपल्या बायकोला घेऊन त्या वाड्यात राहायला येतो. वाटेत सात काळे घोडेस्वार बजावतात, जाऊ नका. हा पठ्ठ्या ऐकत नाही. मिरियमच्या अंगात अ‍ॅबिगेल शिरते. मग जोनाथनला उपाय सुचतो तो कोणता? बायकोला त्याच जिन्यावरून ढकलायचं. जवळजवळ सत्तर वर्षांनी तोच जिना, तोच धक्का.

तुमच्या खलाशांनी निदान तोंडानं "बरं केलंस" म्हटलं तरी होतं. मिरियमनं काय केलं होतं? लग्न.

---

चुकार | शनिवार, दुपारी २:३१

+१ निळी_छत्री. १७७७ म्हणजे आपल्याकडं नारायणराव पेशव्यांना जाऊन (३० ऑगस्ट १७७३) चार वर्षं झाली होती. शनिवारवाड्यातही 'काका, मला वाचवा' ऐकू येतं म्हणतात. वाडा, वंश, दगा, भूत. किंग डायमंडला पुण्यात पाठवा, चार अल्बम निघतील.

अवांतर: गाण्यांतला दगा सोडा, बँडमधला घ्या. डेव्ह मस्टेन या गिटारवादकाला ११ एप्रिल १९८३ ला मेटॅलिका बँडनं सकाळी झोपेतून उठवून सांगितलं, तू बँडमध्ये नाहीस. न्यूयॉर्क ते कॅलिफोर्निया, बसचं तिकीट हातात. त्या बसमध्ये एका पत्रकाच्या पाठीवर तो बोल लिहीत बसला. त्या पत्रकात अणुशस्त्रांबद्दल एक वाक्य होतं, त्यातून त्याच्या नव्या बँडचं मेगाडेथ हे नाव आलं आणि बोल पुढं 'सेट द वर्ल्ड अफायर'मध्ये (१९८८) गेले. माणसानं राग कसा पुरवून वापरावा हे शिकावं तर याच्याकडून.

---

बेसवाला | शनिवार, दुपारी ४:०२

@चुकार, राग पुरवून वापरला हे खरं, पण त्याच्याच 'इन माय डार्केस्ट अवर'चं संगीत त्यानं रचलं ते मेटॅलिकाचा क्लिफ बर्टन गेल्याचं कळल्यावर (सप्टेंबर १९८६, स्वीडनमधला बस अपघात). बोल प्रेमभंगाचे आहेत, म्हणून लोकांचा गोंधळ होतो. ज्या बँडनं हाकललं त्यांच्याच बेसवाल्यासाठी रडणारं गिटार आहे ते. आम्हा बेसवाल्यांसाठी एवढं कोण करतं हो.

---

रानवाट | शनिवार, संध्याकाळी ६:४५

ब्लाइंड गार्डियनचा 'नाइटफॉल इन मिडल-अर्थ' (१९९८) अजून कुणीच काढला नाही? टोल्किनच्या 'सिल्मरिलियन'वरचा आहे. एल्फ लोकांचा राजपुत्र फेआनोर शपथ घेतो, जहाजांसाठी आपल्याच नात्यातल्या लोकांवर तलवार चालवतो, आणि पलीकडं पोचल्यावर ती जहाजं जाळून टाकतो. मागं राहिलेल्या भावाच्या लोकांना उरतो तो फक्त बर्फाचा रस्ता. 'नोल्डॉर' हे गाणं त्या मागं राहिलेल्यांचं.

खर्जातल्याचा मुद्दा इथं अजून घट्ट होतो. मँडॉस या देवतेचा शाप जाळणाऱ्यावर आणि जळताना पाहणाऱ्यांवर, दोघांवरही आहे. कारण दोघांच्याही तलवारी आधी रक्तात माखलेल्या. शापाची मेखही भारी: सख्खे सख्ख्यांना दगा देतील, आणि दगा होईल या भीतीनंच अजून दगे होतील. भीतीवाला भाग मला जास्त भेडसावतो. आमच्या भावकीत वडिलोपार्जित जमिनीच्या वाटपावेळी हेच झालं. आधी कुणीच कुणाला फसवलं नव्हतं. समोरचा फसवेल म्हणून सगळ्यांनी आपापले वकील धरले. विहीर अजून कोर्टात आहे आणि पाणी कुणीच काढत नाही.

---

जुनाजाणता | शनिवार, रात्री ८:२०

रानवाट, विहिरीचं वाचून गलबललं. आमच्याकडं विहिरीऐवजी आंब्याचं झाड होतं. वठलं.

---

खर्जातला | रविवार, सकाळी ९:१५

@निळी_छत्री, काल दिवसभर तुझा प्रतिसाद घेऊन फिरलो. काही अंशी मान्य. मेरी, मेलिंडा, हेलेना, मिरियम ही यादी सलग वाचल्यावर माझी मांडणी जरा लंगडी पडते, कारण यातल्या कुणीच "बरं केलंस" म्हटलेलं नाही.

एक मात्र बघ. माइंडक्राइममध्ये मेरीचा आवाज पामेला मूरनं गायलाय. 'स्वीट सिस्टर मेरी' या दहा मिनिटांच्या गाण्यात ती निकीला उत्तर देते. बाकी ठिकाणी बाई फक्त मरते, इथं निदान बोलते. 'अ‍ॅबिगेल'मध्ये तर मिरियमसुद्धा किंग डायमंडच चिरक्या आवाजात गातो!

आणि एक कबुली. मूळ लेखात मी 'वॉर पिग्ज'ला सोयीचं म्हटलं, पण त्याच अल्बमवरचं 'आयर्न मॅन' विसरलो. भविष्यात जाऊन जगाचा नाश पाहून आलेला माणूस परतताना पोलादाचा होतो, ज्यांना सावध करायला आला तेच त्याच्याकडं ढुंकून बघत नाहीत, आणि तो चिडून स्वतःच तो नाश घडवतो. धोक्याची बातमी आणणारा आणि धोका, दोन्ही तोच. सॅबथच्या गीझर बटलरनं हे विशीच्या आसपास लिहिलंय.

---

बेसवाला | रविवार, सकाळी ११:४०

'हॅलोड बी दाय नेम'चं (१९८२) कुणी नाव घेतलं नाही म्हणून मीच घेतो. कैदी कोठडीत आहे, पाचला फाशी, पाद्री येऊन गेला. सात मिनिटांच्या गाण्यात त्याचा गुन्हा काय ते हॅरिसनं सांगितलेलंच नाही. दगा त्यानं दिला की त्याला दिला गेला? मी तीस वर्षं वाजवतोय, दर वेळी वेगळं वाटतं. घंटेपासून सुरू होतं, हळू, आणि मग घोडा उधळावा तसं जे पळत सुटतं ते फासापाशीच जाऊन थांबतं. काही गाण्यांत परिणाम आधी येतो, कारण येतच नाही. याला कुठल्या खणात टाकायचं?

---

निळी_छत्री | रविवार, दुपारी १:०५

@बेसवाला, टाकू नका कुठल्याच खणात.

@खर्जातला, मिरियमचं बोललास, पण माझा मुद्दा अर्धाच राहिला होता. माझ्याच मुद्द्याविरुद्ध जाणारं आहे, म्हणून काल लिहिलं नाही. जोनाथन मिरियमला जिन्यावरून ढकलायला जातो तेव्हा खाली कोसळतो तोच. अ‍ॅबिगेल जन्मते. २००२ च्या दुसऱ्या भागात ती मोठी होऊन त्याच वाड्यात परत येते, आणि चाकाच्या खुर्चीत बसलेला जोनाथन अजून जिवंत असतो. वाट बघत.

पहिल्या धक्क्यात जिचा जीव गेला त्या काउंटेसला अख्ख्या अल्बमभर नाव नाही. पण अल्बमला नाव आहे ते तिच्या मुलीचं.

---

चुकार | रविवार, दुपारी १:२०

आईशप्पथ. आज रात्री परत ऐकतो. जिना उतरताना लाइट लावून.

---

जुनाजाणता | रविवार, रात्री ९:५०

नातवानं लावलं. मधला तो करकरीचा भाग ऐकला. नातू म्हणाला, "आजोबा, आता थोडा वेळ काही नाही, पाणी हवंय का?"

मी म्हटलं, बस खाली.